भिंत पाडण्यापूर्वी : भारवाही भिंत ओळखण्याची रीत

कुटुंब वाढले, मुले मोठी झाली किंवा घराच्या दर्शनी भागात दुकान थाटावयाचे ठरले, म्हणजे घरमालकाची दृष्टी प्रथम जाते ती दोन खोल्यांमधल्या भिंतीकडे. ही एक भिंत काढली की दोन लहान खोल्यांची एक प्रशस्त खोली होईल, असा सरळ हिशेब त्याच्या मनात असतो. गवंड्यालाही हे काम एका दिवसाचे वाटते. परंतु ती भिंत केवळ आडोशासाठी उभी आहे की तिच्या माथ्यावर छप्पर व वरचे मजले विसावलेले आहेत, हा प्रश्न विचारल्यावाचून पहार उचलली गेली, तर त्या एका दिवसाचे मोल फार मोठे पडू शकते.

दि. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईतील घाटकोपर येथे एक चार मजली निवासी इमारत कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. तिच्या तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि त्या कामात इमारतीच्या आधारांना हानी पोचल्याचा आरोप पुढे आला. अशा दुर्घटनांतील सर्वांत कठोर गोष्ट ही की, काम एका घरात चालते आणि त्याचे फळ वरच्या मजल्यांवरील अजाण कुटुंबांना भोगावे लागते. म्हणून भिंतीचे स्वरूप ओळखण्याची रीत प्रत्येक सुशिक्षित गृहस्थास ठाऊक असणे इष्ट आहे. अभियंत्याचे काम स्वतः करावे असा याचा हेतू नव्हे. अभियंत्यास केव्हा बोलवावे व त्याला काय विचारावे, हे त्यास कळावे एवढाच हेतू आहे.

१. भिंतीचे दोन प्रकार

जी भिंत स्वतःच्या वजनाखेरीज छत, वरचा मजला, जिना, पाण्याची टाकी किंवा वरची भिंत यांचा भार घेऊन तो पायापर्यंत पोचविते, ती भारवाही भिंत होय. जी केवळ जागेचे विभाग पाडते आणि स्वतःच्या वजनाशिवाय अन्य भार वाहत नाही, तिला अडभिंत किंवा विभाजक भिंत म्हणतात. गिलावा व रंग चढल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. भेद असतो तो त्यांच्या कामात.

इमारतींचेही त्याचप्रमाणे दोन मुख्य वर्ग पडतात. पहिल्या वर्गात विटांच्या किंवा दगडांच्या भिंती हाच इमारतीचा आधार असतो. जुनी घरे, गावांतील बहुसंख्य पक्की घरे आणि शहरांतील अनेक दुमजली-तिमजली इमारती या वर्गात येतात. दुसऱ्या वर्गात खांब व तुळया यांचा सांगाडा भार वाहतो आणि भिंती नंतर मधल्या मोकळ्या जागेत भरल्या जातात. हा सांगाडा सलोह काँक्रीटचा, पोलादाचा किंवा लाकडाचा असू शकतो. पुण्याच्या जुन्या वाड्यांतील खण आणि खांब-तुळयांची रचना हे लाकडी सांगाड्याचे परिचित उदाहरण आहे.

२. भार कोणत्या वाटेने जातो

घरातील प्रत्येक वस्तूचे वजन अखेरीस जमिनीवर पोचलेच पाहिजे. त्या वजनाच्या वाटेचा शोध घेणे हेच या तपासणीचे मर्म आहे.

समजा, शेजारी-शेजारी दोन खोल्या आहेत. प्रत्येकीची रुंदी ३ मीटर व लांबी ७ मीटर आहे आणि ७ मीटर लांबीची एक भिंत त्यांना विभागते. खोलीची लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक असल्यास स्लॅबचा भार जवळजवळ सर्वस्वी लांब बाजूंच्या भिंतींकडे जातो. कारण कमी अंतराची वाट अधिक ताठ असते. लांबी व रुंदी यांत फारसा फरक नसेल, तर भार चारही बाजूंस वाटला जातो. आपल्या उदाहरणात मधली भिंत दोन्ही खोल्यांचा निम्मा-निम्मा, म्हणजे एकंदर ३ मीटर रुंदीच्या पट्ट्याचा भार घेते.

आता वजन काढू. सलोह काँक्रीटचे वजन घनमीटरास सुमारे २,५०० किलोग्रॅम असते. म्हणून १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरास ३०० किलोग्रॅम होते. फरशी व तिच्याखालील थर यांचे १०० किलोग्रॅम धरावे. माणसे व सामानसुमान यांसाठी निवासी खोल्यांत चौरस मीटरास सुमारे २०० किलोग्रॅम धरण्याची रीत भारतीय मानकांत आहे. एकूण ६०० किलोग्रॅम झाले. तेव्हा भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एका मजल्याचा १,८०० किलोग्रॅम भार येतो. वर आणखी एक मजला असेल, तर २३ सेंटिमीटर जाड व ३ मीटर उंच अशा वरच्या विटांच्या भिंतीचे दर मीटरास सुमारे १,३२५ किलोग्रॅम आणि त्यावरील छताचे आणखी सुमारे १,८०० किलोग्रॅम मिळवावे लागतील. म्हणजे तळमजल्यावरील भिंतीच्या माथ्यावर दर मीटरास जवळजवळ ५ टन आणि ७ मीटरांच्या लांबीवर ३४ टनांहून अधिक भार असतो. साध्या दुमजली घरातील, कोणाच्या ध्यानातही न येणारी भिंत एवढे ओझे मुकाट्याने वाहत असते.

३. आधार काढला असता काय घडते

मधली भिंत काढल्याने स्लॅबच्या दोन आधारांमधील अंतर ३ मीटरांवरून ६ मीटर होते. अंतर दुप्पट झाले म्हणून ताणही दुप्पट होईल, अशी सामान्य समजूत असते. ती चुकीची आहे. दोन्ही टोकांस नुसत्या टेकलेल्या पट्टीत समान भाराखाली वाकविणारा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून अंतर दुप्पट झाल्यास तो चौपट होतो, आणि पट्टीचा झोल तर सोळापट होतो.

याहून गंभीर गोष्ट सळ्यांच्या जागेची आहे. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ओढ सोसत नाही. ओढ सोसण्यासाठीच सळ्या घालतात. मधल्या भिंतीवरून सलग गेलेला स्लॅब भिंतीच्या माथ्यावर वरच्या अंगास ताणला जातो, म्हणून तेथे मुख्य सळ्या वरच्या बाजूस असतात. भिंत काढताच तीच जागा लांबलेल्या स्लॅबचा मध्य बनते आणि तेथे ताण खालच्या अंगास येतो. जेथे सळ्यांची सर्वांत अधिक गरज उत्पन्न होते, तेथेच खालच्या सळ्या अपुऱ्या असतात.

असे असूनही पुष्कळदा भिंतीला भगदाड पाडल्यावर तत्काळ काहीच घडत नाही. विटांच्या बांधकामात भोकाच्या वर एक नैसर्गिक कमान तयार होते. त्रिकोणी आकाराचा थोडा भाग सुटू पाहतो आणि त्याच्या वरचा भार दोन्ही अंगांच्या विटांवर कलंडतो. पूर्वी काढलेला एखादा दरवाजा किंवा कोनाडा टिकून राहतो तो बहुधा यामुळेच. परंतु भोक रुंद झाले, वरच्या बांधकामाची उंची अपुरी पडली किंवा बाजूचा भाग निसटला, की कमान मोडते. म्हणून ‘अर्धी भिंत काढली तरी काही झाले नाही’ हा निर्धास्तपणाचा पुरावा मानता येत नाही. उरलेल्या अर्ध्या भिंतीवर तेवढाच भार आल्याने तिच्यावरील दाब दुप्पट झालेला असतो.

४. तपासणीचा क्रम

पहिली पायरी नकाशाची. मूळ बांधकामाचा नकाशा व सळ्यांचा तपशील दाखविणारी रेखाटने मालकाकडे, गृहनिर्माण संस्थेकडे, वास्तुविशारदाकडे किंवा नगरपालिकेच्या दप्तरी मिळू शकतात. मात्र नकाशाप्रमाणेच बांधकाम झाले आहे, हे जागेवर मापे घेऊन पडताळावे.

दुसरी पायरी इमारतीची पद्धत ठरविण्याची. तळमजल्यावर, वाहनतळावर किंवा जिन्याजवळ चौकोनी खांब आणि त्यांना जोडणाऱ्या तुळया स्पष्ट दिसत असतील, तर इमारत सांगाड्याची असण्याचा संभव अधिक. खांब कोठेच नसतील, बाहेरील भिंती जाड असतील आणि वरच्या मजल्यांवर त्यांची जाडी कमी होत गेली असेल, तर भिंतीच भार वाहत आहेत असे समजावे. काही इमारतींत दोन्ही पद्धतींचे मिश्रण असते. बाहेर भिंती व आत खांब, अथवा जुन्या भारवाही घरावर नंतर चढविलेला सांगाड्याचा मजला. अशा ठिकाणी प्रत्येक भिंतीचा स्वतंत्र विचार करावा.

तिसरी पायरी जाडीची. दरवाजाच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजून त्यातून दोन्ही बाजूंचा गिलावा वजा करावा. जुन्या मापाची अर्ध्या विटेची भिंत साडेचार इंच, म्हणजे सुमारे ११.५ सेंटिमीटर, तर एका विटेची भिंत नऊ इंच, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर असते. मेट्रिक मापाच्या विटांच्या भिंती अनुक्रमे ९ व १९ सेंटिमीटरांच्या असतात. विटांच्या भारवाही घरात एका विटेची आतली भिंत बहुधा भारवाही असते आणि अर्ध्या विटेची बहुधा नसते. येथे ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

चौथी पायरी वरखाली पाहण्याची. त्याच जागी वरच्या मजल्यावर भिंत आहे काय, आणि खालच्या मजल्यावर आहे काय? हे अंदाजाने ठरवू नये. जिना किंवा बाहेरची भिंत यांपासून प्रत्येक मजल्यावर अंतर मोजावे. एकावर एक सरळ रेषेत येणाऱ्या भिंती भारवाही असण्याचा संभव मोठा असतो. वर भिंत नसली, तरी छताचा भार असू शकतो, हे विसरू नये.

पाचवी पायरी छताच्या दिशेची. कडीपाटाच्या छतात तुळया कोणत्या दिशेस धावतात आणि त्यांची टोके कोठे टेकतात, हे डोळ्यांनी दिसते. ज्या भिंतीवर टोके टेकली आहेत किंवा जिच्यावर दोन तुळयांचा जोड आला आहे, ती भारवाही होय. मद्रासी गच्चीत लाकडी वाशांवर उभ्या विटा चुन्यात बसवितात. तेथे वाशांची टोके पाहावीत. लोखंडी गर्डर व त्यांच्या मधल्या विटांच्या लहान कमानी असे छत कोलकाता, दिल्ली व मुंबई येथील जुन्या इमारतींत आढळते. तेथे गर्डर ज्या भिंतीत शिरतात ती भिंत जपावी. राजस्थानात दगडी पट्ट्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत घालतात. तेथेही पट्टीचे टोकच उत्तर देते. सलोह काँक्रीटच्या स्लॅबमध्ये मात्र सळ्या दिसत नाहीत. त्यांची दिशा व खोली अभियंत्याकडील चुंबकीय शोधक उपकरणाने कळते.

सहावी पायरी भिंतीच्या माथ्याची. माथ्याजवळचा थोडासा गिलावा जपून काढावा. स्लॅब भिंतीवरच टाकला असेल, तर त्याचे काँक्रीट विटांच्या शेवटच्या थरावर घट्ट बसलेले दिसते. मागाहून बांधलेल्या अडभिंतीच्या माथ्यावर बहुधा एक फट असते आणि ती मसाला व विटांचे तुकडे कोंबून भरलेली असते. दरवाजाच्या माथ्याच्या पातळीवर सर्व भिंतींतून सलग फिरणारी सलोह काँक्रीटची पट्टी आढळल्यास ते भारवाही बांधकामाचे चिन्ह होय. भूकंपाच्या वेळी भिंतींना एकत्र बांधून ठेवण्यासाठी ही पट्टी घालतात. ती कोणत्याही कारणाने तोडू नये.

सातवी पायरी पायाची. तळमजल्यावर भिंतीलगत लहानसा खड्डा घेतल्यास भारवाही भिंत जोत्याखाली उतरून स्वतःच्या रुंद पायावर बसलेली दिसते. अडभिंत पुष्कळदा जमिनीच्या काँक्रीटवरच उभारलेली असते. हा पुरावा बळकट असतो. परंतु खड्डा लहान ठेवावा आणि पायाच्या खाली खणू नये.

५. फसविणारी लक्षणे

जाडीवर सर्वस्वी विसंबणे हा सर्वांत मोठा धोका आहे. सांगाड्याच्या इमारतीतील बाहेरची नऊ इंची भिंत ऊन-पावसाच्या निवारणासाठी जाड ठेवलेली असते. ती भारवाही नसेलही. उलट, ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती व स्लॅब एकसंध ओतण्याची जी पद्धत आता अनेक गगनचुंबी व सामूहिक गृहयोजनांत प्रचलित आहे, तीत सलोह काँक्रीटच्या १० ते १६ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीही साऱ्या इमारतीचा भार वाहतात. अशा घरात ‘ही तर पातळ भिंत आहे’ असे म्हणून खिडकी वाढविणेसुद्धा घातक ठरते. काश्मीरमधील धज्जी-दिवारी ही लाकडी चौकटीत दगड-विटा भरलेली पातळ भिंतही भार वाहते. आसामातील लाकडी चौकटीच्या जुन्या घरांत इकऱ्याच्या कुडावर भार नसतो, पण त्याच भिंतीत दडलेल्या लाकडी खांबांवर असतो. म्हणजे तेथे कूड काढता येतो, खांब काढता येत नाही.

जाड दगडी भिंतीचे स्वतःचे वेगळे संकट आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद भागात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची असंख्य घरे जमीनदोस्त झाली. अशा भिंतीचे आतले व बाहेरचे असे दोन पदर असतात, मध्ये सुट्या दगडमातीची भर असते, आणि दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड पुरेसे नसतात. तिला भोक पाडले की मधली भर ओघळू लागते आणि पदर एकमेकांपासून सुटतात.

आणखी एक फसवे लक्षण म्हणजे मूळची अडभिंत कालांतराने भार घेऊ लागणे. जुन्या लाकडी तुळया वर्षानुवर्षांच्या ओझ्याने झोळतात आणि खालच्या अडभिंतीच्या माथ्यावर टेकतात. नकाशात त्या भिंतीवर भार नसतो, प्रत्यक्षात असतो. माथ्याशी फट नाही, गिलावा फुगलेला आहे किंवा दरवाजा घासू लागला आहे, असे दिसल्यास हा संशय घ्यावा. भिंतीवर ठोकून आवाजावरून निर्णय देण्याची काही कारागिरांची सवय मात्र निरुपयोगी आहे. पोकळ आवाज सुटलेल्या गिलाव्याचाही असतो. भाराचा आवाज नसतो.

६. छताचा भार नसूनही आवश्यक असलेली भिंत

काही भिंती स्लॅबचा भार घेत नाहीत, तरीही त्यांच्यावाचून इमारत सुरक्षित राहत नाही. लांब भारवाही भिंतीस काटकोनात मिळणारी आडवी भिंत तिला बाजूस कलंडू देत नाही. भूकंपात व वाऱ्यात आडवा जोर येतो, तेव्हा त्या दिशेने पसरलेल्या भिंतीच तो पेलतात.

सांगाड्याच्या इमारतीतही भरीव भिंती सांगाड्यास ताठपणा देतात. दि. २६ जानेवारी २००१ च्या भुज येथील भूकंपात, केंद्रापासून २०० किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबाद शहरातही अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी पुष्कळ इमारतींच्या वरच्या मजल्यांवर भिंती होत्या, परंतु तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेला होता. तेथील खांबांवरच सारी हालचाल एकवटली. तळमजल्यावरील भिंती काढून दुकान प्रशस्त करणारा मालक नकळत आपल्या इमारतीस हाच दुबळेपणा आणतो.

एका आधाराच्या नाशाचा परिणाम किती दूर पोचू शकतो, याचे उदाहरण लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीने दिले. १६ मे १९६८ रोजी १८ व्या मजल्यावरील एका घरात वायूचा स्फोट होऊन एक भारवाही भिंत बाहेर फेकली गेली. तिच्यावर टेकलेले वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या आघाताने इमारतीचा तो सारा कोपरा जमिनीपर्यंत ढासळला. चार माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटाने जे केले, तेच पहारही करू शकते.

७. निर्णय झाल्यानंतर

भिंत भारवाही नाही असे अभियंत्याने लेखी कळविल्यावरही घाई करू नये. प्रथम भिंतीतील विजेच्या तारा व पाण्याच्या नळ्या बंद कराव्यात. मग माथ्यापासून थराथराने विटा उतरवाव्यात. भिंत एकदम लोटून पाडू नये. राडारोडा एका जागी साठवू नये. साडेचार इंची, ४ मीटर लांब व ३ मीटर उंच अशा भिंतीचे वजन सुमारे २,६५० किलोग्रॅम भरते. त्याचा ढीग ३ चौरस मीटर जागेत केल्यास स्लॅबवर चौरस मीटरास जवळजवळ ९०० किलोग्रॅम भार येतो. वापरासाठी धरलेल्या २०० किलोग्रॅमांच्या चौपटीहून हा अधिक आहे.

भिंत भारवाही ठरल्यास ती काढताच येत नाही असे नव्हे. पण तिचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवावे लागते. बहुधा पोलादी किंवा सलोह काँक्रीटची तुळई घालून भार दोन्ही टोकांस नेतात. वरील उदाहरणात साडेतीन मीटरांची वाट मोकळी करावयाची झाल्यास तुळईच्या प्रत्येक टोकाशी साडेआठ टनांहून अधिक भार एका बिंदूवर एकवटेल. त्या टोकाखालील विटा चिरडणार नाहीत आणि त्याखालचा पाया खचणार नाही, हे गणिताने सिद्ध करणे हे अभियंत्याचे काम आहे. एकसंध ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींना मात्र हा उपायही लागू पडत नाही. त्यांना हात लावू नये हेच योग्य.

काम चालू असताना भिंतीच्या दोन्ही बाजूंस टेकू लावून भार तात्पुरता पेलावा लागतो. हे टेकू नुसते खालच्या स्लॅबवर टेकवून भागत नाही. खालच्या प्रत्येक मजल्यावर त्याच रेषेत टेकू देऊन भार घट्ट जमिनीपर्यंत न्यावा लागतो. नवी तुळई व वरचे बांधकाम यांमधील जागा घट्ट भरून तिला पुरेसे बळ येईपर्यंत टेकू काढू नयेत. प्रत्येक शहरात अशा कामास स्थानिक संस्थेची अनुज्ञा घ्यावी, आणि सामूहिक इमारतीत शेजाऱ्यांस पूर्वसूचना द्यावी. धोक्याचे वाटेकरी तेही असतात.

काम सुरू झाल्यावर छताशी नवी भेग दिसली, दरवाजे-खिडक्या अडू लागल्या, वरच्या मजल्यावरील फरशी तडकली किंवा टेकू करकरू लागले, तर काम त्याच क्षणी थांबवून माणसांना बाहेर काढावे आणि अभियंत्यास बोलवावे.

सारांश

नकाशा, इमारतीची पद्धत, जाडी, वरखालची रेषा, छताची दिशा, माथा आणि पाया या सात साक्षी आहेत. यांतील एकच साक्ष अनुकूल असून भागत नाही. सर्वांचा मेळ बसला पाहिजे. एकीनेही विरुद्ध सांगितले किंवा कोणती मिळालीच नाही, तर ती भिंत भारवाही आहे असेच धरून चालावे. भार नसलेली भिंत चुकून राखली गेली, तर घर थोडे अडचणीचे राहील. भार वाहणारी भिंत चुकून पाडली गेली, तर ते घरच राहणार नाही.